पश्चिमेकडून येणारी निळी रेघ

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील सहा लहान राज्यांचा प्रदेश न्यू इंग्लंड या नावाने ओळखला जातो. त्यातील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या जवळजवळ मध्यावर वुस्टर हे शहर वसले आहे. इंग्रजी अक्षरांवरून नवखा माणूस त्याचा उच्चार ‘वॉर्सेस्टर’ असा करतो आणि स्थानिक लोक हसून त्याला सुधारतात. बॉस्टन पूर्वेला तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. सात टेकड्यांवर पसरलेले, दोन लाखांहून थोडी अधिक वस्ती असलेले हे न्यू इंग्लंडमधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तारा, यंत्रमाग आणि घासकामाची चाके यांच्या कारखान्यांवर ते वाढले. द्रवरूप इंधनावर चालणारे पहिले अग्निबाण उडविणारे रॉबर्ट गोडार्ड १८८२ मध्ये येथेच जन्मले, आणि त्यांचे ते अग्निबाण १९२६ च्या मार्चमध्ये शेजारच्या ऑबर्न गावातील एका शेतातून उडाले. प्रवासी कंपन्यांच्या सहलपत्रकांत मात्र वुस्टरचे नाव सहसा आढळत नाही. नायगारा आणि न्यूयॉर्क पाहणारी मंडळी येथून महामार्गाने सरळ पुढे निघून जातात.

तरीही या शहराच्या पूर्वेकडील श्रूजबरी आणि वेस्टबरो ही नावे अनेक मराठी घरांत आता परिचयाची झाली आहेत. संगणक आणि औषधनिर्माण क्षेत्रांत काम करणाऱ्या भारतीय कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे, आणि मे ते सप्टेंबर या काळात त्यांच्याकडे भारतातून आई-वडील येऊन राहतात. मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळेत गेलेली असताना, एखाद्या दमट दुपारी घरातील सर्व मोबाइल एकाच वेळी कर्कश आवाजात ओरडू लागतात. पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी उमटतात. बाहेर पाहावे तर ऊन पडलेले असते. फक्त पश्चिमेला थोडे काळे दिसते. घरातील ज्येष्ठांना तो प्रकार अकारण घाबरविणारा वाटतो, आणि बहुतेक जण खिडकी लावून पुन्हा पुस्तक हाती घेतात. त्या दोन-तीन ओळी लिहिण्याची परवानगी, हिंमत आणि रीत या देशाला कशी मिळाली, याची कथा मात्र याच परिसरातून जाते.

तिची सुरुवात वुस्टरच्या वायव्येस, क्वॉबिन जलाशयाच्या काठी होते. बॉस्टनला पाणी पुरविण्यासाठी १९३० च्या दशकात हा जलाशय बांधण्यात आला आणि त्यासाठी डेना, एनफील्ड, ग्रीनिच व प्रेस्कॉट ही चार गावे कायमची रिकामी केली गेली. आज तेथे विस्तीर्ण, शांत पाणी आहे, काठावर मेपल, ओक आणि पाइन यांची दाटी आहे, आणि पाणी पिण्याचे असल्यामुळे पोहण्यास मनाई आहे. जलाशयाच्या ईशान्येस पीटरशॅम हे जुने गाव. मध्यभागी हिरवळीचे चौकोनी मैदान, भोवती पांढरी लाकडी घरे आणि चर्चचा मनोरा. हार्वर्ड विद्यापीठाने १९०७ पासून जपलेले संशोधनाचे जंगल याच गावात आहे. मोठ्या वाऱ्याने उन्मळलेल्या झाडाच्या मुळांबरोबर माती वर येते, मागे खड्डा राहतो, शेजारी उंचवटा तयार होतो, आणि झाड कुजून नाहीसे झाल्यावरही ती जोडी दीर्घकाळ तशीच राहते. जमिनीवरचे असे खड्डे-उंचवटे वाचून जुन्या वादळांची दिशा सांगणारे लोक येथे आहेत.

वादळ होऊन गेल्यावर त्याची दिशा सांगणे आणि ते येण्यापूर्वी सांगणे यांत मोठे अंतर आहे. हवामानाच्या नकाशावर शीत आघाडी निळ्या रेघेने दाखवितात. रेघेला त्रिकोणी दात असतात आणि ती ज्या दिशेने सरकते, तिकडे त्यांची टोके असतात. ‘आघाडी’ हा शब्द पहिल्या महायुद्धातून आला. तटस्थ नॉर्वेला युद्धकाळात परदेशांकडून हवामानाच्या नोंदी मिळेनाशा झाल्या. तेव्हा बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचे पुत्र याकोब यांनी देशातच निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारले. त्या दाट नोंदींतून त्यांना दिसले की थंड आणि उबदार हवा एकमेकींत सहज मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये स्पष्ट सीमा असते आणि त्या सीमेवर झटापट चालते. युरोपातील खंदकांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसांना तिला ‘फ्रंट’ म्हणावेसे वाटले, यात नवल नाही.

उन्हाळ्यात कॅनडाकडून थंड, कोरडी आणि म्हणूनच जड हवा आग्नेयेकडे सरकू लागते. तिच्या पुढे नैर्ऋत्येचे वारे अटलांटिक व मेक्सिकोच्या आखाताकडची आर्द्रता हडसन आणि कनेटिकट नद्यांच्या खोऱ्यांतून वर आणीत असतात. जड हवा पाचरीसारखी या दमट हवेखाली शिरते आणि तिला उचलते. उचललेली हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, त्या क्रियेत उष्णता मोकळी होते आणि ती हवा आणखी जोमाने वर झेपावते. एवढे घडले म्हणजे गडगडाट होतो. परंतु प्रत्येक शीत आघाडी काही घरे पाडीत नाही. उन्हाळ्यात अशा कितीतरी रेघा न्यू इंग्लंडवरून जातात आणि बहुतेकींच्या वाट्याला चार सरी व रात्रीची सुखद थंडी एवढेच येते. कोणती रेघ वेगळी आहे, हे आदल्या दिवशी ओळखणे, हीच या अंदाजाची खरी परीक्षा होय.

महाराष्ट्रातील वाचकांना वळवाचा पाऊस परिचित आहे. तापलेली जमीन आणि समुद्राकडून आलेले थोडे बाष्प एवढ्यावर तो उभा राहतो, तासाभरात कोसळतो आणि आपल्याच थंड पाण्याने विझतो. न्यू इंग्लंडमधील धोकादायक वादळ असे लवकर विझत नाही. त्याचे कारण वाऱ्यांच्या थरांत आहे. जमिनीलगत वारा दक्षिणेचा असतो, दोन-तीन किलोमीटरवर नैर्ऋत्येचा आणि त्याहून वर पश्चिमेचा व फार वेगवान. थराथरांतील या फरकामुळे वादळाचा चढणारा प्रवाह तिरका होतो. पाऊस व गारा त्याच्या अंगावर न पडता बाजूला पडतात आणि त्याचे इंधन चालू राहते. याच फरकामुळे काही वादळे स्वतःभोवती फिरूही लागतात. फिरणाऱ्या वादळांपैकी थोड्यांच्या पोटातून जमिनीपर्यंत जी सोंड उतरते, ती टॉर्नेडो.

आणखी एक गोष्ट फार लांबून येते, आणि अंदाज वर्तविणारे जाणकार तिच्याकडे विशेष लक्ष देतात. मेक्सिकोच्या आणि रॉकी पर्वतालगतच्या उंच पठारांवर तापलेली कोरडी हवा कधी कधी वरच्या वाऱ्यांबरोबर हजारो किलोमीटर पूर्वेला वाहत येते आणि न्यू इंग्लंडच्या दमट हवेवर कुकरच्या झाकणासारखी बसते. सकाळपासून खालची हवा तापत राहते, पण झाकणामुळे तिला वर जाता येत नाही. म्हणून किरकोळ ढग होत नाहीत, आकाश निरभ्र राहते, ऊन अधिक लागते आणि कोंडलेली शक्ती वाढत जाते. दुपारी आघाडीने रेटा दिला की झाकण उडते. अशा दिवशी सकाळचे स्वच्छ आकाश हे शुभचिन्ह नसते, हे सामान्य माणसाला पटवून देणे फार अवघड जाते. उलट, सकाळी आदल्या रात्रीच्या वादळांचे ढग रेंगाळले तर ऊन अडते आणि मोठा धोका बऱ्याचदा टळतो. केवळ त्या ढगांच्या आवरणावरून अंदाजाचे पारडे इकडून तिकडे झुकते. घड्याळाचेही महत्त्व तेवढेच: जी रेघ पहाटे पोचते ती निरुपद्रवी, तीच चार-पाच वाजता पोचली तर घातक. बॉस्टनला शिवाय समुद्राचा आधार आहे. जूनमध्ये अटलांटिकचे पाणी थंडच असते. त्याच्यावरून येणारी खारी झुळूक किनाऱ्यालगतची हवा निववते, आणि पश्चिमेकडून गर्जत आलेली वादळे पुष्कळदा शहराच्या वेशीशी येऊन खचतात. समुद्रापासून दूर, टेकड्यांवर वसलेल्या वुस्टरला हे संरक्षण मिळत नाही.

९ जून १९५३ हा मंगळवार होता. आदल्या दिवशी सायंकाळी, जवळपास हजार किलोमीटर पश्चिमेस मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराच्या सीमेवर टॉर्नेडोने ११६ बळी घेतले होते. तीच वायुप्रणाली पूर्वेला सरकत होती. बॉस्टनच्या विमानतळावरील हवामान कार्यालयात सकाळी नकाशे मांडले गेले. दमट हवा, वरचे जोरदार वारे आणि दुपारी येऊ घातलेली आघाडी हे सारे तेथील तज्ज्ञांना दिसत होते. टॉर्नेडोची शक्यता त्यांच्या मनात आली, तिच्यावर चर्चाही झाली. परंतु न्यू इंग्लंडच्या लोकांना हा शब्द अपरिचित. तो उच्चारल्यास घबराट माजेल, अशी भीती वाटली. अखेर अंदाजात ‘तीव्र गडगडाटी वादळे’ एवढेच शब्द गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये ते शब्ददेखील अशा इशाऱ्यात प्रथमच वापरले जात होते.

या संकोचाला जुना इतिहास होता. १८८० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या संदेश विभागातील जॉन फिन्ली यांनी टॉर्नेडोच्या अंदाजाचे प्रयोग केले; परंतु वरिष्ठांनी लवकरच अंदाजपत्रकांत हा शब्द वापरण्यास मनाई केली. टॉर्नेडोपेक्षा त्याच्या भीतीने अधिक नुकसान होईल, असा तर्क होता. मनाई १९३८ पर्यंत टिकली आणि तिची सवय त्यानंतरही. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर या हवाई दलाच्या तळावर टॉर्नेडो आदळला. तेथील दोन अधिकारी, अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर, यांना पुढील धोका ओळखण्याचे मार्ग शोधण्यास सांगण्यात आले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशा त्यांना २० तारखेसारखाच दिसला. एकाच जागी आठवड्यात दोनदा टॉर्नेडो येईल असे म्हणणे हास्यास्पद ठरण्याचा संभव होता. तरी त्यांनी लेखी अंदाज दिला, विमाने आडोशाला नेण्यात आली आणि त्याच सायंकाळी टॉर्नेडो तळावर आला. १९५० मध्ये हवामान विभागाचे प्रमुख फ्रान्सिस रायकेलडर्फर यांनी, टॉर्नेडोचा अंदाज देण्यावर कोणतेही बंधन नाही, असे परिपत्रक आपल्या कार्यालयांना पाठविले आणि १९५२ मध्ये नागरी विभागाने असे अंदाज देण्यास आरंभ केला. कागदावर बंधन नव्हते. परंतु परिपत्रकाने कार्यालयाची सवय एका दिवसात बदलत नाही, हे कोणत्याही खात्यात नोकरी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

दुपारी सुमारे ४ वाजून २५ मिनिटांनी पीटरशॅमच्या जंगलात सोंड जमिनीला टेकली. तेथून बॅरी, रटलंड, होल्डन या गावांवरून ती वुस्टरकडे निघाली. ती गावे आज त्याच क्रमाने रस्त्यावर लागतात. दगडी कुंपणे, सफरचंदाच्या बागा, गॅरेजबाहेर टांगलेली बास्केटबॉलची जाळी. या शांत रस्त्याने त्या दिवशी सोंडेला वुस्टरच्या वेशीपर्यंत पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात शहराला कोणताही अधिकृत इशारा मिळाला नाही. पाचच्या सुमारास कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील माणसे घरी परतत होती. अनेकांनी ते समोर येताना पाहिले, पण ओळखले नाही. चित्रांतील टॉर्नेडो निमुळत्या दोरीसारखा असतो. हा दीड किलोमीटरपर्यंत रुंद, पावसाने आणि धुळीने वेढलेला, जमिनीवरून लोळत येणारा काळा ढग होता. कुठे तरी मोठी आग लागली आहे, असेही काहींना वाटले. नाव माहीत नसले म्हणजे डोळ्यांसमोरची वस्तूही दिसत नाही, ती अशी.

उत्तर वुस्टरमधील ग्रीनडेल आणि बर्नकोट टेकडीच्या उतारावरील लाकडी घरे काही मिनिटांत गेली. घासचाके बनविणाऱ्या नॉर्टन कंपनीची नवी इमारत उद्ध्वस्त झाली. असम्प्शन महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीचे वरचे मजले कोसळले. तेथे एक धर्मगुरू आणि दोन जोगिणी मृत्युमुखी पडल्या. ग्रेट ब्रुक व्हॅली येथील कामगारवस्तीला तडाखा देऊन ते क्विन्सिगमंड सरोवर ओलांडून श्रूजबरीत शिरले, तेथून वेस्टबरो, साउथबरो आणि फ्रेमिंगहॅम. सुमारे ७४ किलोमीटरच्या या मार्गावर ९४ माणसे दगावली, त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या वुस्टरमध्ये. बाराशेहून अधिक जखमी झाले आणि दहा हजारांच्या आसपास बेघर. असम्प्शन महाविद्यालय पुढे शहराच्या दुसऱ्या भागात गेले. दुरुस्त झालेल्या त्या जुन्या इमारतीत आज क्विन्सिगमंड सामुदायिक महाविद्यालय भरते. संध्याकाळच्या वर्गांना तेथे नोकरी करून शिकणारी मुले-मुली येतात. पार्किंगला जागा मिळत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार असते.

बॉस्टनच्या दक्षिणेस मिल्टन गावी ब्लू हिल नावाची टेकडी आहे. उंची अवघी १९४ मीटर. परंतु त्या सपाट किनाऱ्यावर तीच पर्वतासारखी भासते. माथ्यावर दगडी बुरुजाची वेधशाळा आहे. अ‍ॅबट लॉरेन्स रॉच या तरुण, सधन गृहस्थांनी ती स्वखर्चाने बांधली आणि १८८५ पासून तेथे हवामानाच्या नोंदी अखंड चालू आहेत. पतंगाला उपकरण बांधून वरच्या हवेचे तापमान नोंदविण्याचा प्रयोग येथे १८९४ मध्येच झाला होता. पायथ्यापासून रुंद पायवाट आहे, अर्ध्या-पाऊण तासात ज्येष्ठ माणूसही सावकाश चढू शकतो. वरून एका बाजूला बॉस्टनचे बंदर आणि स्वच्छ दिवशी दुसऱ्या बाजूला मोनॅडनॉकचे शिखर दिसते. ९ जूनच्या सायंकाळी या टेकडीच्या परिसरात आकाशातून वस्तू पडू लागल्या. फळ्यांचे तुकडे, छपराची कवले, कापड, कागद. वादळाने ते वर कित्येक किलोमीटर उचलून वरच्या वाऱ्यांच्या हवाली केले होते आणि पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला ते उतरत होते. पतंग आणि फुगे वर पाठवून ज्या प्रवाहांचा शोध घेतला जात होता, त्यांची अशी मोजणी कोणालाही नको होती.

त्यानंतरच्या दिवसांत लोकांनी कारण शोधले ते भलतेच. ४ जूनला नेव्हाडाच्या वाळवंटात अणुचाचणी झाली होती. पाच दिवसांनी वुस्टर उद्ध्वस्त झाले, तेव्हा दोन्हींचा संबंध असणारच, असे पुष्कळांना वाटले आणि प्रश्न वॉशिंग्टनपर्यंत गेला. शास्त्रज्ञांनी तो संबंध फेटाळला. अधिक मोलाचे काम मानववंशशास्त्रज्ञ अँथनी वॉलेस यांनी केले. त्यांचा वुस्टरवरील अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. आघातानंतर पहिली काही मिनिटे जवळजवळ प्रत्येकाला वाटले की हे संकट फक्त आपल्याच घरावर कोसळले आहे. शेजारची सारी आळी नाहीशी झाल्याचे ध्यानी येण्यास वेळ लागला. घबराट माजेल म्हणून जो शब्द टाळला होता, तो न वापरताही लोक बधिर होऊन उभे राहिले होते. पळापळ फारशी झालीच नाही.

१९५३ या एकाच वर्षात टेक्सासमधील वेको, मिशिगनमधील फ्लिंट आणि मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर अशी तीन शहरे गेली. त्यानंतर हवामान विभागाने तीव्र वादळांच्या विभागाची नव्याने घडी बसविली, रडारची साखळी उभी राहू लागली आणि ‘टॉर्नेडो’ हा शब्द अंदाजात सहज येऊ लागला. आज ओक्लाहोमातील नॉर्मन येथील वादळ अंदाज केंद्र संपूर्ण देशासाठी आठ दिवस आधीपर्यंतचे धोक्याचे नकाशे काढते. त्यांच्या पाच पायऱ्या आहेत आणि त्यांची नावे मोठी चमत्कारिक. मराठीत सांगायची तर किरकोळ, अल्प, वाढीव, मध्यम, उच्च. ‘मध्यम’ ही पायरी ‘वाढीव’च्या वर असते, हे किती नागरिकांना ठाऊक असेल? कर्जाच्या प्रकरणांत अशी वर्गवारी कोणी केली असती, तर लेखापरीक्षकाने ती पहिल्याच दिवशी परत पाठविली असती. ‘अल्प’ असे वाचून निश्चिंत झालेल्या गावात झाडे मोटारींवर पडतात, आणि मग अंदाज चुकला असे म्हटले जाते. वास्तविक तो चुकलेला नसतो. शंभरांत पंधरा शक्यता म्हणजे शून्य नव्हे.

वुस्टर परिसराचा रोजचा अंदाज नॉर्टन या गावातील कार्यालयातून निघतो. या गावाचा त्या कंपनीशी संबंध नाही. नाव तेवढे सारखे. देशभरातील ठरावीक केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ फुगे सोडले जातात आणि त्यांच्या नोंदींतून वरच्या थरातील झाकण, आर्द्रता व वाऱ्यांतील फरक कळतो. केप कॉड द्वीपकल्पावरील चॅटम येथील फुग्यांचे केंद्र २०२१ मध्ये बंद करावे लागले, कारण समुद्राने खालचा कडा खाल्ला होता. बाकी आता उपग्रह आणि संगणकीय प्रतिमाने आहेतच. तरीही दुपारी एकच्या सुमारास नॉर्टनमधील माणूस मुख्यतः जुन्याच गोष्टी पाहतो: दवबिंदू वीस अंश सेल्सिअसच्या आसपास गेला का, ढग फाटले का, वारा दक्षिणेलाच राहिला का, आणि हडसन खोऱ्यात पहिली वादळे कितीला उठली.

१ जून २०११ रोजी या सर्व गोष्टी जुळून आल्या. पश्चिमेकडून शीत आघाडी येत होती आणि वर पठारी हवेचे झाकण होते. दुपारीच टॉर्नेडोचा ‘वॉच’, म्हणजे परिस्थिती अनुकूल असल्याची सावधसूचना, जाहीर झाली. साडेचारनंतर स्प्रिंगफील्ड शहरात कनेटिकट नदी ओलांडणारी सोंड दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने थेट दाखविली. नदीचे पाणी पांढरे होऊन वर ओढले जात होते. तेथून ती मन्सन, ब्रिमफील्डमार्गे ६० किलोमीटरहून अधिक चालून वुस्टरच्या नैर्ऋत्येस चार्ल्टनपाशी विरली. मन्सनच्या चर्चचा मनोरा कोसळला आणि ब्रिमफील्डच्या जंगलात एक लांब उघडा पट्टा पडला. बळी तीन. हा टॉर्नेडो १९५३ च्या मानाने एक श्रेणी खालचा होता, म्हणून दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये. पण या वेळी शब्द वेळेवर उच्चारला गेला होता आणि लोक तळघरांत उतरले होते.

अर्थात शब्द उच्चारला की काम झाले, असेही नाही. त्याच्या दहाच दिवस आधी, २२ मे २०११ रोजी, मिझुरीतील जॉप्लिन शहरात इशारा दिला गेला होता, भोंगे वाजले होते, तरी दीडशेहून अधिक माणसे गेली. भोंगे वारंवार वाजत आणि बहुधा काहीच होत नसे. म्हणून पुष्कळांनी प्रथम बाहेर येऊन आकाश पाहिले, दूरचित्रवाणी लावली, शेजाऱ्याला विचारले. टॉर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी सुमारे सात वेळा टॉर्नेडो येत नाही. कमी इशारे द्यावेत तर एखादे वुस्टर घडते. अधिक द्यावेत तर जॉप्लिनसारखे कान बधिर होतात. २०१२ पासून, प्रथम कॅन्सस व मिझुरीत, इशाऱ्यांत संभाव्य हानीचे स्पष्ट वर्णन लिहिण्याची पद्धत आली: घरे राहणार नाहीत, बाहेर असाल तर जिवावर बेतेल. १९५३ मध्ये ज्या एका शब्दाने लोक घाबरतील म्हणून काळजी केली गेली, त्याच खात्यात आता माणसे पुरेशी सावध व्हावीत म्हणून शब्द शोधले जातात. त्याच वर्षी मोबाइलवरील तो कर्कश नादही सुरू झाला.

श्रूजबरी-वेस्टबरोच्या घरी उन्हाळा काढणाऱ्या ज्येष्ठांना त्यामुळे एवढे ठाऊक असावे. पडद्यावर ‘वॉच’ हा शब्द असेल तर धोका संभवतो, घराबाहेर लांब फिरायला जाऊ नये. ‘वॉर्निंग’ असेल तर तो दिसला आहे किंवा रडारवर आला आहे, आणि हाती बहुधा दहा-पंधरा मिनिटेच आहेत. मुलांना फोन लावण्याआधी तळघराचा जिना उतरावा. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरील, खिडकी नसलेली आतली खोली किंवा न्हाणीघर गाठावे. जिन्यात ढीग करून ठेवलेली नातवंडांची खेळणी सकाळीच बाजूला केलेली बरी.

बहुतेक दिवशी काही होत नाही. पाचच्या सुमारास अंधारून येते, वीज कडाडते, एखाद-दुसऱ्या आळीतील वीजपुरवठा जातो आणि गारांचा सडा पडतो. मग वारा वायव्येला फिरतो. तासाभरात दवबिंदू उतरतो, दमटपणा जातो, लोक खिडक्या उघडतात, आणि नॉर्टनच्या कार्यालयात स्वयंसेवकांचे निरोप येऊ लागतात: रटलंडला फांदी तारांवर, होल्डनला रुपयाएवढ्या गारा, वेस्टबरोला काही नाही.